मुलगा, मुलगी आणि कारंज्याची पोथी

वऱ्हाडांत कारंजा लाड हें नांव उच्चारलें कीं बहुतेकांच्या मनांत श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान उभें राहतें. गुरुमंदिराच्या दर्शनाला दूरदूरचीं माणसें येतात, प्रसाद घेतात आणि परतीच्या वाटेला लागतात. त्याच गांवांत जैनांच्या तीन निरनिराळ्या संघांचीं तीन जुनीं मंदिरें आहेत. तेथील भट्टारकांनीं शेंकडों वर्षें पोथ्या जमविल्या, नकलून घेतल्या आणि वेष्टनांत बांधून जपल्या. रायबहादुर हिरालाल यांनीं १९२६ सालीं मध्यप्रांत व वऱ्हाड येथील संस्कृत आणि प्राकृत हस्तलिखितांची जी मोठी सूची प्रसिद्ध केली, तिच्यांत कारंज्याच्या या भांडारांतील पोथ्यांची नोंद आहे. पुढें १९३१ पासून ‘कारंजा जैन ग्रंथमाला’ निघाली आणि पुष्पदंत कवीचीं अपभ्रंश काव्यें विद्वानांच्या हातीं आलीं. भाषेच्या अभ्यासकांना हा इतिहास ठाऊक आहे. पण या परंपरेच्या ग्रंथांत एक असा प्रश्न बांधून ठेवलेला आहे कीं जो भाषेच्या अभ्यासकांपेक्षां आईबापांच्या आणि शिक्षकांच्या अधिक उपयोगाचा आहे. तो प्रश्न असा: जन्मास आलेलें मूल पुढें मुलगा म्हणून किंवा मुलगी म्हणून वाढतें, तें कशाच्या योगानें? देहाच्या, मनाच्या, कीं घरच्या वळणाच्या?

प्रश्न पोथींतला वाटला तरी तो रोजच्या व्यवहाराचा आहे. मूल जन्मलें कीं पहिली विचारणा त्याच्या प्रकृतीची होत नाहीं, ‘काय झालें?’ एवढेंच विचारलें जातें, आणि त्या दोन शब्दांचा अर्थ सर्वांना कळतो. पेढे वांटावयाचे कीं बर्फी, हें त्या उत्तरावर ठरतें. तेथपासून त्या जीवाभोंवतीं दोन निरनिराळीं जगें उभीं राहूं लागतात. एकाला ‘रडतोस काय मुलीसारखा?’ असें ऐकावें लागतें, तर दुसरीला ‘हंसतेस काय एवढ्या मोठ्यानें?’ असें. मूल जें होतें तें यामुळें होतें, कीं तें मुळांतच तसें असतें, याचा विचार करण्यास कोणी थांबत नाहीं. आणि गंमत अशी कीं ज्याला जें सोयीचें असेल तें उत्तर तो देतो. मुलीला शाळेंतून काढावयाची असली म्हणजे ‘बाईची जातच तशी’ असें निसर्गाकडे बोट दाखविलें जातें. आणि एखादें मूल ठरलेल्या चाकोरींत बसलें नाहीं म्हणजे ‘वळण लावलें नाहीं’ असा दोष आईला दिला जातो.

जैन कर्मशास्त्रानें या प्रश्नाची फार बारकाईनें फोड केलेली आहे. त्या शास्त्रांत ‘वेद’ असा एक शब्द येतो. ऋग्वेद, यजुर्वेद यांच्याशीं त्याचा संबंध नाहीं. स्त्रीत्व, पुरुषत्व आणि या दोहोंहून निराळें नपुंसकत्व यांची जी जाणीव किंवा ओढ जीवाला असते, तिला तेथें वेद म्हणतात. या वेदाचे दोन प्रकार मानले आहेत. एक द्रव्यवेद, म्हणजे देहाची घडण. दुसरा भाववेद, म्हणजे अंतःकरणांतील वृत्ति. देहाची घडण एका जातीच्या कर्मामुळें होते आणि मनाची वृत्ति दुसऱ्या जातीच्या कर्मामुळें, असा त्या शास्त्राचा सिद्धांत आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस चामुंडरायाच्या काळांत होऊन गेलेल्या आचार्य नेमिचंद्रांनीं ‘गोम्मटसार’ या ग्रंथांत हा विचार थोडक्यांत मांडला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं देहाचा वेद आणि मनाचा वेद हे बहुधा सारखेच असतात, पण कोठें कोठें ते विषम असतात.

कर्मसिद्धांत कोणी मानो वा न मानो, या विधानाची समतोल मांडणी लक्षांत घेण्याजोगी आहे. ‘बहुधा’ म्हणतांना नेमिचंद्रांनीं सामान्य नियम नाकारला नाहीं आणि ‘कोठें कोठें’ म्हणतांना अपवादाला पाप म्हणून हांकलून दिलें नाहीं. देह एक गोष्ट सांगतो, मन कधीं कधीं दुसरी सांगतें, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या असूं शकतात, एवढें त्यांनीं नमूद करून ठेवलें.

या विचाराशीं कारंज्याचा संबंध केवळ पोथ्या जपण्यापुरता राहिला नाहीं. दिगंबर जैनांचा अत्यंत प्राचीन ग्रंथ म्हणजे ‘षट्खंडागम’. त्यावर नवव्या शतकांत वीरसेनाचार्यांनीं ‘धवला’ नांवाची विस्तृत टीका लिहिली. या ग्रंथाचीं ताडपत्रें कर्नाटकांतील मूडबिद्री येथें होतीं आणि शतकानुशतकें तीं केवळ पूजेसाठीं बाहेर निघत. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांच्या नकला बाहेर पडल्या आणि निरनिराळ्या गांवीं पोंचल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांत संस्कृतचे प्राध्यापक असलेले डॉ. हिरालाल जैन यांनीं या ग्रंथाचें संपादन हातीं घेतलें, तेव्हां त्यांनीं ज्या प्रती ताडून पाहिल्या त्यांत अमरावती आणि आरा येथील प्रतींबरोबर कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमांतील प्रतहि होती. हा आश्रम १९१८ सालीं स्थापन झालेला. ग्रंथाचा पहिला भाग १९३९ सालीं अमरावतीहून प्रसिद्ध झाला. (हे डॉ. हिरालाल जैन आणि वर उल्लेखिलेले रायबहादुर हिरालाल या दोन निराळ्या व्यक्ती होत.)

पहिल्या भागांतील ९३ व्या सूत्रापाशीं संपादकांना अडचण आली. ‘मनुष्यिणी’, म्हणजे मानवी स्त्री, आत्मोन्नतीच्या कोणत्या पायऱ्यांपर्यंत जाऊं शकते, याचा विचार त्या सूत्रांत आहे. संदर्भ पाहतां तेथें ‘संजद’ म्हणजे ‘संयत’ हा एक शब्द असावयास हवा, पण हातीं असलेल्या प्रतींत तो सुटलेला दिसला. संपादकांनीं तशी टीप दिली आणि मोठा वाद उसळला. कारण तो शब्द मान्य केला तर स्त्रीला पूर्ण संयमाची पायरी गांठतां येते असें म्हणावें लागेल, आणि मग स्त्रीदेहानें मोक्ष मिळत नाहीं या दिगंबर मताला बाध येईल, अशी भीति कित्येकांना वाटली. वस्तुतः वीरसेनाचार्यांनीं हजारावर वर्षांपूर्वीं ही शंका ओळखून तिचें उत्तर दिलेलें होतें. त्यांच्या मतें या सूत्रांतील स्त्री ही भावानें स्त्री होय. तिचा देह स्त्रीचा असला पाहिजे असें नाहीं. पुढें मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्रांत तो शब्द असल्याचें आढळून आलें.

या वादांत कोणाची बाजू बरोबर, हा त्या धर्माच्या अभ्यासकांचा विषय आहे. इतिहासाच्या दृष्टीनें त्यांतून दोन बोध निघतात. पहिला असा कीं देहाचें स्त्रीपण आणि मनाचें स्त्रीपण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांना मान्य होतें. तें कोणाला परदेशांतून आलेलें नवें खूळ वाटलें नाहीं. दुसरा बोध अधिक कडू आहे. इतका सूक्ष्म भेद ज्यांना कळला होता, त्यांनींच तो भेद देहानें स्त्री असलेल्या व्यक्तीच्या पुढें दार लावून घेण्यासाठीं वापरला. ज्ञान सूक्ष्म असलें म्हणजे तें न्याय्य असतेंच असें नाहीं. हें पुढील इतिहासांतहि पुनःपुनः दिसून येतें.

प्राचीन विवेचनांत देह होता, मन होतें. पण तिसरा एक धागा फारसा हातीं घेतला गेला नव्हता. तो म्हणजे संगोपनाचा, संस्कारांचा. स्त्रीचा स्वभाव म्हणून जें दाखविलें जातें, त्यांतलें स्वभावाचें किती आणि कोंडलेपणाचें किती, हा प्रश्न वऱ्हाडांतल्याच एका स्त्रीनें ठणकावून विचारला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे वडील बापूजी हरि शिंदे सरकारी कचेरींत नोकरीस होते. त्यांनीं मुलीला घरीं शिकविलें. १८८१ सालीं सुरतेच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याच्या आरोपावरून फांशीची शिक्षा झाली, आणि वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर लेख येऊं लागले. त्या संतापांतून ताराबाईंनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें छोटें पुस्तक लिहिलें. तें १८८२ सालीं पुण्यास छापलें गेलें. स्त्रियांच्या माथीं जे दुर्गुण मारले जातात, ते पुरुषांतहि तितकेच किंवा अधिक आहेत. आणि स्त्रीला अज्ञानांत ठेवून वर तिच्या अज्ञानाला हंसणें हा कोणता न्याय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. जोतीराव फुल्यांनीं त्यांची बाजू उचलून धरली, पण पुस्तक पुढें जवळजवळ विस्मृतींत गेलें आणि १९७५ सालीं त्याचें पुनर्मुद्रण झाल्यावर पुन्हां लोकांसमोर आलें.

ताराबाईंच्या प्रश्नाला काळानें उत्तर दिलें आहे. १९०१ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांतील स्त्रियांपैकीं शेंकडा एक स्त्रीसुद्धां साक्षर नव्हती. २०११ च्या जनगणनेंत सात वर्षांवरील स्त्रियांत साक्षरतेचें प्रमाण शेंकडा ६५ च्या जवळपास आलें. या ११० वर्षांत बाईचा देह बदलला नाहीं, मेंदू बदलला नाहीं. बदलली ती शाळेची वाट. जो अडाणीपणा निसर्गाचा म्हणून सांगितला जात होता, तो निसर्गाचा नव्हता, हें याहून स्पष्ट कोणत्या पुराव्यानें सिद्ध व्हावयाचें?

संस्कार कसे घडतात, हें पाहण्यासाठीं मोठाले ग्रंथ उघडण्याची गरज नाहीं. विदर्भांतील कोणत्याहि अंगणांत तें दिसतें. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं अनेक गांवीं तान्हा पोळा भरतो. लहान मुलें चाकांचे लाकडी नंदी सजवून, दोरी धरून मिरवतात. घरोघर त्यांचें कौतुक होतें, हातावर पैसे पडतात. पुढें भाद्रपदी पौर्णिमेस भुलाबाई बसते. मुली टिपऱ्या घेऊन घरोघर जमतात, सासर-माहेरचीं गाणीं म्हणतात आणि झांकलेला खाऊ ओळखतात. दोन्ही खेळ गोड आहेत. पण एका खेळांत औत आणि जनावर यांवरील धनीपणाची तालीम होते, आणि दुसऱ्यांत सासू, नणंद, दीर यांच्यांत आपली पायरी ओळखण्याची. कोणी उपदेश करीत नाहीं. खेळच उपदेश करतो. दोन-तीन वर्षांचें मूल आपल्याला मुलगा किंवा मुलगी म्हणवूं लागतें, आणि सहा-सात वर्षांचें होईपर्यंत आपलें हें असणें कपडे किंवा केस बदलल्यानें बदलत नाहीं हें त्याला उमगतें. या मधल्या वर्षांत तें आपल्यासारखीं कोण, हें सारखें शोधत असतें. अंगणांतील खेळ, घरांतील कामाची वांटणी आणि मोठ्यांचें बोलणें, हीं त्याचीं क्रमिक पुस्तकें असतात. वऱ्हाडांतच जन्मलेल्या गाडगे महाराजांनीं हातीं खराटा घेऊन गांवेंच्या गांवें झाडलीं, तेव्हां झाडणें हें बायकांचें काम अशी समजूत असलेल्या लोकांना एक धडा आपोआप मिळाला.

येथवर ऐकून कोणाला वाटेल कीं मग सगळेंच संगोपनावर आहे. मूल म्हणजे ओली माती, कुंभार करील तें मडकें. विसाव्या शतकांत अनेक विचारी माणसांना असेंच वाटलें. मार्गारेट मीड या अमेरिकन विदुषीनें न्यू गिनींतील तीन जमातींचा अभ्यास करून १९३५ सालीं पुस्तक लिहिलें. ज्या स्वभावाला पाश्चात्य लोक पुरुषी किंवा बायकी म्हणतात, तो प्रत्येक जमातींत निराळ्या रीतीनें वांटलेला असतो, असें तिनें मांडलें. त्या विचारानें पुष्कळ जुने गैरसमज हलले. परंतु त्याच काळांत जीवशास्त्रहि स्वस्थ बसलें नव्हतें.

१९०५ सालीं नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेनें किड्यांच्या पेशी तपासतांना असें दाखवून दिलें कीं नर होणें किंवा मादी होणें हें पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर अवलंबून असतें. मनुष्यांतहि तसेंच आहे. आईकडून नेहमीं एक्स गुणसूत्र येतें. बापाकडून एक्स आलें तर सामान्यतः मुलगी होते, वाय आलें तर मुलगा. ‘मुलीच होतात’ म्हणून ज्या असंख्य सुनांना टोंचून बोललें गेलें, टाकून दिलें गेलें, त्यांच्यावरील आरोप शास्त्रानें केव्हांच निकालांत काढला आहे. तो घराघरांत मात्र अजून पुरता पोंचलेला नाहीं. गर्भ पहिले सुमारें सहा आठवडे दोन्ही वाटांना मोकळा असतो. १९४७ सालीं फ्रान्समध्यें आल्फ्रेड जोस्ट यांनीं सशाच्या गर्भांवर प्रयोग केले. नर-गर्भाची वृषणग्रंथि वेळींच काढली तर त्याचीं जननांगें मादीच्या वाटेनें वाढतात, असें त्यांना दिसून आलें. म्हणजे नरदेह घडविणारा संदेश ग्रंथींच्या स्रावांतून येतो. १९९० सालीं लंडनच्या संशोधकांना वाय गुणसूत्रावरचा तो लहानसा घटक सांपडला, जो या साऱ्या क्रियेचा पहिला खटका दाबतो.

हे स्राव केवळ अवयव घडवून थांबतात असेंहि नाहीं. कांहीं मुलींच्या मूत्रपिंडावरील ग्रंथींत जन्मजात दोष असतो आणि गर्भावस्थेंतच त्यांना नर-स्राव अधिक मिळतो. अशा मुलींना पुढें गाड्या, धांवपळीचे खेळ इत्यादींची आवड इतर मुलींहून अधिक असते, असें १९९२ सालापासूनच्या अभ्यासांत दिसून आलें. आईबापांनीं बाहुल्या पुढें केल्या तरी ही आवड टिकते. मात्र याच मुलींपैकीं बहुतेकजणी आपल्याला मुलगीच मानतात, हेंहि तितकेंच खरें. उलट कांहीं व्यक्तींच्या पेशींत वाय गुणसूत्र असूनहि शरीर नर-स्रावाला मुळींच दाद देत नाहीं. त्यांचा देह मुलीचाच होतो, आणि त्या बहुधा मुली म्हणूनच सुखानें वाढतात. तेव्हां गुणसूत्र म्हणजे ब्रह्मलिखित नव्हे. आणि कोणता खेळ आवडतो यावरून आंत कोण आहे हें ठरवितां येत नाहीं.

देह, स्राव आणि संस्कार यांचा हा गुंता न ओळखतां एकाच धाग्यावर भिस्त ठेवली म्हणजे काय अनर्थ होतो, याचें उदाहरण कॅनडांतील विनिपेग येथें घडलें. १९६५ सालीं तेथें जुळे मुलगे जन्मले. आठ महिन्यांचे असतांना एका साध्या शस्त्रक्रियेंत त्यांपैकीं एकाच्या इंद्रियाचा नाश झाला. जॉन मनी नांवाच्या प्रख्यात मानसशास्त्रज्ञाचें मत असें होतें कीं मूल लहान असतांना जसें वाढवावें तसें तें होतें. त्याच्या सल्ल्यानें त्या बाळावर आणखी शस्त्रक्रिया करून त्याला ब्रेन्डा या नांवानें मुलगी म्हणून वाढविण्यांत आलें. १९७२ पासून हा प्रयोग यशस्वी झाल्याचें जगभर सांगितलें जात होतें. इकडे तें मूल फ्रॉक फाडीत होतें, भावाचीं खेळणीं ओढीत होतें आणि शाळेंत चेष्टेचा विषय होऊन बसलें होतें. १९८० सालीं वडिलांनीं त्याला सत्य सांगितलें. त्यानें तात्काळ मुलाचें जीवन पत्करलें आणि डेव्हिड रायमर हें नांव घेतलें. १९९७ सालीं मिल्टन डायमंड आणि सिग्मंडसन यांनीं खरी हकीकत शास्त्रीय मासिकांत मांडली. २००४ सालीं डेव्हिडनें स्वतःच्या हातानें जीवन संपविलें. त्याच्या दुःखाला कारणें अनेक असतील. पण ज्या शास्त्रानें त्याला कधीं विचारलें नाहीं, त्या शास्त्राला त्याच्या मृत्यूनें खालीं मान घालावयास लावली.

याच्या उलट बाजूस डोमिनिकन रिपब्लिक या देशांतील एका खेड्याची हकीकत आहे. तेथें एका वंशपरंपरागत कारणानें कांहीं मुलगे जन्मतः मुलींसारखे दिसत आणि मुली म्हणूनच वाढविले जात. वयांत येतांना त्यांचा देह पुरुषाचा होई. १९७४ सालीं या मुलांवरील संशोधन प्रसिद्ध झालें. त्यांपैकीं बहुतेकांनीं पुढें पुरुषाचें जीवन स्वीकारल्याचें आढळलें. बारा-पंधरा वर्षांचें मुलीचें वळणहि तेथें शेवटचें ठरलें नाहीं. पण त्या गांवांत ही गोष्ट ओळखीची होती. अशा मुलांना गांवानें एक नांव दिलें होतें आणि त्यांच्या बदलाला वाट ठेवली होती. देहानें बदल आणला, आणि गांवानें तो सोसण्याजोगा केला.

असा सोसण्याजोगा समाज महाराष्ट्रांत आहे काय? कांहीं वर्षांपूर्वीं बीड जिल्ह्यांतील एका महिला पोलीस शिपायाचें प्रकरण गाजलें. मुलगी म्हणून वाढलेल्या, मुलगी म्हणून नोकरीस लागलेल्या या व्यक्तीच्या पेशींत वाय गुणसूत्र असल्याचें तपासणींत निष्पन्न झालें. पुरुष म्हणून जगण्यासाठीं रजा मागितली, ती प्रथम नाकारली गेली. न्यायालयाचें दार ठोठवावें लागलें. अखेर २०१८ सालीं राज्य सरकारनें संमति दिली, मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयांत शस्त्रक्रिया झाली आणि ती व्यक्ति पुरुष शिपाई म्हणून पुन्हां कामावर रुजू झाली. ज्या खात्यांत शिस्त म्हणजे सर्व कांहीं, त्या खात्यालाहि ‘क्वचित् विषम’ असणाऱ्या माणसासाठीं जागा करतां आली, ही गोष्ट लहान नव्हे.

कायद्यानेंहि हाच मार्ग धरला आहे. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीं निकाल देतांना, अशा व्यक्तींच्या बाबतींत केवळ देहाची कसोटी न लावतां मनाची कसोटी ग्राह्य धरावी असें ठरविलें. २०१९ सालीं मद्रास उच्च न्यायालयानें, ज्या अर्भकांचीं जननांगें स्पष्टपणें मुलाचीं किंवा मुलीचीं नसतात, त्यांच्यावर केवळ तीं ‘नीट दिसावीं’ म्हणून शस्त्रक्रिया करूं नयेत असें बजावलें, आणि तमिळनाडू सरकारनें त्याप्रमाणें मनाई केली; जीवाला धोका असेल तेव्हांच अपवाद. मूल बोलूं लागेपर्यंत थांबावें, त्याचें त्याला सांगूं द्यावें, हा त्यांतील आशय. न्यायमूर्तींच्या समोर कर्मशास्त्राच्या पोथ्या नव्हत्या. परंतु द्रव्य आणि भाव यांचा जो भेद त्या पोथ्यांत नोंदलेला आहे, तोच आधुनिक न्यायाच्या भाषेंत पुन्हां अवतरला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. फरक एवढाच कीं जुन्या काळीं त्या भेदानें एक दार बंद केलें होतें. या वेळीं त्यानें एक दार उघडलें.

मग आईबापांनीं आणि शिक्षकांनीं काय करावें? ‘बहुधा सम’ असणाऱ्या मुलांच्या बाबतींत त्यांचें काम दोर सैल ठेवण्याचें आहे. मुलगी बाहुलीशीं खेळली तर तें वाईट नाहीं, मुलगा नंदी घेऊन धांवला तर तेंहि वाईट नाहीं. वाईट तें, ज्यांत दुसरें कांहीं मागण्याची सोय नसते. कांहीं वर्षें अमरावतीस राहिलेल्या आणि पुढें गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाई मोडक यांनीं बालमंदिरांत माँटेसोरी पद्धति आणली. त्या पद्धतींत झाडणें, पुसणें, वाढणें, बटणें लावणें हीं कामें मुलगा-मुलगी असा भेद न करतां प्रत्येक मुलाला शिकविलीं जातात. तेथें मूल काय आहे हें आधीं ठरविलेलें नसतें. मोठ्यांनीं पाहत राहावें, अशी अपेक्षा असते. ‘क्वचित् विषम’ असणाऱ्या मुलांच्या बाबतींत काम अधिक नाजूक आहे: न मारणें, न लपविणें, घाई न करणें, आणि मूल जें सांगतें तें ऐकून घेणें.

संगोपनाची सुरुवात नांवापासून होते. सातारा जिल्ह्यांत पुष्कळ मुलींचें नांव ‘नकुशी’ असें होतें. म्हणजे नको असतांना आलेली. ऑक्टोबर २०११ मध्यें तेथें अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. त्याच वर्षाच्या जनगणनेंत महाराष्ट्रांत सहा वर्षांखालील हजार मुलांमागें केवळ ८९४ मुली उरल्या होत्या. दहा वर्षांपूर्वीं हीच संख्या ९१३ होती. ज्या मुलीला रोज हांक मारतांना ‘तूं नको होतीस’ असें सांगितलें जातें, तिचा भित्रेपणा तिच्या गुणसूत्रांत शोधणें हा शास्त्राचा अपमान आहे. आणि जिला जन्मूंच दिलें नाहीं, तिच्या बाबतींत तर देह कीं संस्कार हा वादच उरत नाहीं.

कारंज्याच्या भांडारांतील पोथ्या आजहि वेष्टनांत बांधलेल्या आहेत. पोथी उघडतांना गांठ हलक्या हातानें सोडावी लागते. ओढाताण केली तर पान फाटतें, आणि फाटलेल्या पानावरील अक्षर कोणालाच लागत नाहीं. मूल वाचण्याची रीत याहून निराळी नाहीं. त्याच्यावर काय लिहिलेलें असावें, हें आधींच ठरवून बसणाऱ्याला तें वाचतां येत नाहीं. देहानें कांहीं लिहून ठेवलेलें असतें, घर रोज कांहीं लिहीत असतें, आणि मूल स्वतःहि आपल्या हातानें एखादी ओळ घालतें. ती तिसरी ओळ खोडूं नये, एवढें जरी वडीलधाऱ्यांनीं संभाळलें, तरी पुष्कळ झालें.